पाऊल उचलणारी शीर

आपल्या भाषेत ‘शीर’ हा शब्द मोठा उदार आहे. रक्त वाहून नेते ती शीर आणि मेंदूचा निरोप वाहून नेते तीही शीरच. मान अवघडली तर शीर आखडते, पाय लचकला तर शिरेवर शीर चढते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात या दोहोंना वेगवेगळी नावे आहेत; दुसरीला तेथे मज्जातंतू म्हणतात. परंतु बोदवडच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवीत असतानाही मला तो फरक केवळ फळ्यापुरता ठाऊक होता. माझ्या उजव्या पायातील एका मज्जातंतूने तो मला १९९७ साली नीट समजावून दिला. त्याच धड्यात माझ्या हातून एक अपराधही घडला. तो आज सांगावयाचा आहे.

त्या वर्षी ज्येष्ठ-आषाढात मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो. ताप उतरला तेव्हा अंगावर केवळ हाडे उरली होती. मलकापूर रस्त्याला आमचे चार एकर काळे रान आहे. त्यात कपाशी उभी होती आणि तणाने तिला गाठले होते. श्रावणात पावसाने उघडीप दिली तेव्हा साऱ्या गावाची निंदणी एकदमच निघाली आणि मजूर मिळेनात. अखेर मीच खुरपे घेतले. दोन दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत उकिडवा बसून मी तास धरला होता. माझ्या शेजारच्या तासाला आमच्याकडे नेहमी कामाला येणारी बाई होती. वयाने ती माझ्याहून मोठी असल्याने मी तिला मावशी म्हणत असे.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठून मी न्हाणीकडे निघालो आणि उंबरठ्याला अंगठा ठेचाळला. पुन्हा पाऊल टाकले, पुन्हा तेच. खाली पाहिले तर उजवे पाऊल पुढच्या बाजूने लोंबत होते. टाच टेकत होती, चवडा वर उचलत नव्हता. मनाने आज्ञा करावी आणि पावलाने ती ऐकूच नये, असा तो प्रकार. नवल म्हणजे दुखत काहीच नव्हते. दुखले असते तर मी इतका घाबरलो नसतो. पाऊल जमिनीला घासू नये म्हणून जिना चढावा तसा गुडघा उंच उचलावा लागे आणि मग पाऊल ‘फट्’ असा आवाज करून खाली पडे. आईने तेल कोमट करून पाय चोळला, पण पाऊल जागचे हलले नाही.

सकाळी मावशी अंगणात आली. तिने माझे चालणे पाहिले आणि सहज म्हणावे तसे म्हणाली, “गुरुजी, तुमचाही पाय माह्यासारखाच पडू राहिला.”

मी चमकलो. तिच्या पावलांचा तो आवाज मी कितीतरी दिवस ऐकत होतो. ती येत आहे हे दार उघडण्यापूर्वीच आम्हाला त्या आवाजावरून कळत असे. परंतु तो आवाज कशाचा, हे मी एकदाही विचारले नव्हते. आता विचारले. ती म्हणाली, “अखाजीपासून असंच होऊ राहिलं. चप्पल पायातून कधी निघून जाते, तेही समजत नाही मले.”

त्या दिवशी मी एस. टी. ने भुसावळ गाठले. तेथील वयोवृद्ध डॉक्टरांनी प्रथम मला टाचांवर चालून दाखवावयास सांगितले. डावी टाच चालली. उजव्या पायाचा चवडा खालीच राहिला. मग त्यांनी माझे डोळे मिटावयास लावून कापसाचा बोळा पावलावरून फिरविला. अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांमधील बेचक्यात मला तो मुळीच जाणवला नाही. “किती वेळ उकिडवे बसला होता?” असे त्यांनी विचारले तेव्हा मला त्यांच्या विद्येचे आश्चर्य वाटले. शेताचा उल्लेखही मी अजून केलेला नव्हता.

नंतर त्यांनी एका कागदावर आकृती काढून मला जे समजावले ते मी पुढे कित्येक वर्षे मुलांना शिकवीत आलो. कमरेच्या मणक्यांतून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बनतो व मांडीच्या मागून खाली उतरतो. गुडघ्याच्या जरा वर त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट पोटरीच्या खोल मांसातून सुरक्षितपणे जाऊन आतल्या घोट्यामागून तळव्यात शिरते. टाच उचलणे, चवड्यावर उभे राहणे आणि तळव्याला खडा-काटा, थंड-गरम कळणे हे तिचे काम. दुसरी वाट मात्र गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला वळते. वाचकांनी आपला हात गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस फिरविला तर हाडाचा एक लहानसा उंचवटा बोटाला लागेल. नडगीच्या शेजारी असलेल्या बारीक हाडाचे ते डोके. त्याच्या किंचित खाली, त्या हाडाच्या मानेला वळसा घालून हा मज्जातंतू पुढे येतो. तेथे त्याच्यावर मांसाचे पांघरूण नाही. खाली हाड, वर कातडी आणि थोडीशी चरबी, एवढाच त्याचा आसरा. पुढे तो स्नायूंत शिरून दोन शाखांत विभागतो. एक शाखा पाऊल बाहेरच्या बाजूस वळविते व पावलाच्या वरच्या कातडीला स्पर्श देते. दुसरी नडगीपुढच्या स्नायूंना हलवून पाऊल व बोटे वर उचलते, आणि कातडीपैकी फक्त त्या बेचक्याची राखण करते.

“परमेश्वराने पाऊल उचलण्याचे काम ज्याला दिले,” डॉक्टर हसून म्हणाले, “त्यालाच सगळ्यांत उघड्यावर ठेवले. तापाने तुमच्या अंगावरची चरबी गेली, त्याची गादी गेली. वर दोन दिवस उकिडवे बसून तुम्ही त्याला हाड आणि स्नायू यांमध्ये चेपून धरलेत.” परदेशात स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या मजुरांना हाच विकार होतो, म्हणून त्याला त्या फळाचे नाव मिळाले आहे, असेही त्यांनी सांगितले. घट्ट प्लास्टर, फार वेळ पायावर पाय टाकून बसणे, बेशुद्धीत एकाच कुशीवर पडून राहणे, ही त्याची आणखी कारणे.

मग त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या अंगाला बोटे ठेवून तो तंतू हाडावर हलकेच फिरवून पाहिला. अंगावर कोठे बधिर चट्टा आहे काय, हे कंदील धरावा तसा दिवा धरून तपासले. मी विचारले, “हे कशासाठी?” ते म्हणाले, “आपल्या देशात पाऊल पडले की कुष्ठरोग नाही ना, हे आधी पाहावे. त्यात हाच तंतू दोरीसारखा जाड होतो. तुमचा मऊ आहे. तंतू तुटलेला नाही, चेपला आहे. उकिडवे बसू नका, पावलाला खालून पट्टीचा आधार द्या, काही आठवड्यांत तो जागा होईल.”

उठता उठता मी मावशीविषयी सांगितले. त्यांनी हातातील लेखणी खाली ठेवली. “चप्पल निघालेली कळत नाही? मग नुसती ही शीर नाही, तळव्याचीही गेली आहे. कधीपासून?” मी म्हणालो, “अखाजीपासून.” त्यांनी बोटांवर महिने मोजले. “तीनच महिने झाले आहेत. तंतूचे बळ जाऊन सहा महिने झालेले नसतील तर औषधाने ते पुष्कळदा परत आणता येते. त्यांना याच आठवड्यात घेऊन या.”

मी त्या आठवड्यात मावशीला नेले नाही. पुढच्याही नाही.

याची कारणे मी त्या वेळी स्वतःला नीट पटवून दिली होती. माझाच पाय लंगडा, शाळेत चाचण्या, शेतात काम. परंतु खरे कारण निराळे होते. तो रोग निघाला तर? रक्तपितीची बाई कोणाच्या शेतात काम करीत होती, कोणाच्या ओसरीवर चहा पीत होती, अशी चर्चा गावात झाली तर? मी माणसाच्या पायाचा विचार करावयाचा सोडून घराच्या नावाचा विचार करीत बसलो. तिलाही मी काही बोललो नाही. ती नित्याप्रमाणे येत राहिली आणि तिचे पाऊल नित्याप्रमाणे वाजत राहिले.

इकडे माझा पाय सुधारू लागला. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी अंगठा जरासा वर उचलला. त्या दिवशीचा माझा आनंद काय वर्णावा! दिवाळीपर्यंत मी टाचांवर चालू लागलो. माझ्या तंतूचे नुसते वेष्टन दुखावले होते, म्हणून तो इतक्या लवकर भरून आला. आतला धागाच तुटला असता तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो, आणि गुडघ्यापासून निघालेल्या त्याला स्नायूपर्यंत पोहोचण्यास अनेक महिने लागतात.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी मावशी कामावर आली नाही. मी तिच्या घरी गेलो तर ती पाय पसरून बसलेली. तळव्याला मोठा फोड आला होता व तो फुटला होता. भाकरी करताना चुलीतला निखारा पायाखाली आला होता. तिला तो कळला नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळला. “दुखत नाही गुरुजी,” ती मलाच धीर देत म्हणाली, “काही दुखत नाही.”

‘दुखत नाही’ हे दोन शब्द इतके भयंकर असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

त्या क्षणी मला आईने लहानपणी सांगितलेली गोष्ट आठवली. हवाईतील मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांसाठी जाऊन राहिलेल्या फादर डेमियन यांची ती गोष्ट आपल्या बहुतेक घरांतून सांगितली जाते. ते १८७३ साली त्या बेटावर उतरले. १८८४ साली एकदा त्यांनी कढत पाण्यात पाय घातला. पायाला फोड आले, परंतु वेदना झाली नाही. त्यावरून त्यांना कळले की, हा रोग आता आपल्यालाही झाला आहे. १८८९ मध्ये ते वारले आणि २००९ मध्ये संतपदी पोहोचले. ते बेटावर उतरले त्याच १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. परंतु त्याच्यावर इलाज सापडण्यास पुढे अनेक दशके जावी लागली. लहानपणी मला ती गोष्ट केवळ त्यागाची वाटे. मावशीच्या चुलीपुढे बसल्यावर ती पायातील शिरेची गोष्ट आहे, हेही समजले.

दुसऱ्याच दिवशी मी तिला भुसावळला नेले. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याच्या बाजूला बोट ठेवले आणि माझे बोट धरून तेथेच ठेविले. कातडीखाली सुतळीसारखी जाड दोरी लागत होती. पाठीवर एक फिकट चट्टा होता. अनेक वर्षे तो तेथे होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कोणाला दाखविला नव्हता. डॉक्टरांनी मला इतके दिवस का लावले, असे विचारले नाही. त्यांनी फक्त पुन्हा एकदा बोटांवर महिने मोजले. सहा उलटून गेले होते.

रोगाविषयी त्यांनी जे सांगितले ते सर्वांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे. हा जंतू फार संथपणे वाढतो; शरीरात शिरल्यावर लक्षण दिसण्यास कित्येक वर्षे लागतात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, म्हणून कातडीच्या अगदी जवळून जाणारे मज्जातंतू तो धरतो. कोपराजवळचा, घोट्याजवळचा आणि गुडघ्याशेजारचा हा. बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना नाहीशी झाल्याने माणूस भाजतो, कापतो, खड्यावर चालत राहतो, आणि न जाणवलेल्या त्या जखमा बोटे खाऊन टाकतात. औषध सुरू झाले की रुग्णापासून इतरांस हा रोग होण्याचे भय राहत नाही. ते औषध सरकारी दवाखान्यात तेव्हाही मोफत मिळत होते व आजही मिळते.

मावशीला महिन्याच्या महिन्याला गोळ्यांची पाने मिळू लागली. पहिल्या मात्रेनंतर लघवी लाल झाली म्हणून ती घाबरली. पुढे अंगाचा रंग काळवंडला म्हणून रडली. परंतु एकही गोळी तिने चुकविली नाही. रोग हटला. तंतूंना सूज उतरण्याचेही औषध दिले, पण पाऊल काही उचलले नाही. ते तीन महिने मी तिच्यापासून हिरावून घेतले होते.

त्या दिवसांत आमच्या घरातही एक गोष्ट घडली. जी आई फादर डेमियन यांची गोष्ट सांगताना डोळ्यांना पदर लावीत असे, तिने कान तुटलेला एक कप निराळा काढून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. मावशीच्या पावलांचा आवाज फाटकाशी आला की आई तो कप काढी. मी डॉक्टरांचे बोलणे तिला समजावून सांगितले. तिला ते पटे. पण हात काही ऐकत नसे. मनाची आज्ञा हातापर्यंत पोहोचतच नव्हती. मी रागावू शकलो नाही. श्रावण ते दिवाळी माझे तरी काय झाले होते? आणि माझेही पाऊल तसेच पडत होते तेव्हा कोणी माझा कप निराळा काढला नव्हता. एकच शीर, एकच आवाज. पण मला कोमट तेल आणि तिला कोनाडा.

कुष्ठरोगात पडलेले पाऊल शस्त्रक्रियेने उचलता येते, हे डॉक्टरांकडूनच कळले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी या रोगातील हातापायांच्या शस्त्रक्रियांचा पाया घातला. त्यामागची युक्ती थक्क करणारी आहे. पाऊल उचलणारे स्नायू मेले तरी पाऊल आतल्या बाजूस वळविणारा एक स्नायू दुसऱ्या तंतूच्या आधाराने पोटरीत खोलवर बहुधा जिवंत असतो. त्याची शिथिल न झालेली दोरी घोट्याजवळून सोडवून पुढे आणतात व पावलाच्या वरच्या बाजूस बांधतात. स्नायू तोच, काम नवे.

याच ब्रँड यांच्याविषयीची एक हकिकत मी पुढे वाचली. इंग्लंडमध्ये दीर्घ प्रवासानंतर एका रात्री मोजा काढताना आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही, असे त्यांना आढळले. टाचणी टोचली, वेदना नाही. आपल्याला रोग झाला अशा समजुतीने त्यांनी रात्र जागून काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते वेदनेने ओरडले. गाडीत अवघडून बसल्याने एक तंतू तेवढा चेपला होता. वेदनेबद्दल देवाचे आभार मानणारा माणूस मला त्या पानांत भेटला. माझ्या दसऱ्याच्या सकाळचा आनंद आणि त्यांचा आनंद एकाच जातीचा होता. फरक इतकाच की, त्यांनी त्या रात्रीनंतर आपल्या रुग्णांकडे अधिक जवळून पाहिले; मी माझा पाय बरा झाल्यावर मावशीकडे पाहणेच सोडले होते.

१९९९ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी व मावशीचा मुलगा तिला घेऊन अमरावती जिल्ह्यातील कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेलो. नाडगावच्या स्थानकावरून, म्हणजे आमच्या बोदवड स्टेशनवरून, मूर्तिजापूर आणि तेथून ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी अचलपूरपर्यंत. ती गाडी आता बंद पडली आहे. ऊन, धूळ आणि प्रत्येक थांब्यावरचा खोळंबा यांत मावशी एकदाच बोलली. “गुरुजी, पाय वाजायचा थांबला पाहिजे बस. लोकं आवाज ऐकूनच बाजूला होतात.”

शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. ते निघाल्यावर खरे शिक्षण सुरू झाले. पाऊल वर उचलावयाचे असेल तर ते आत वळवीत आहोत असे मनात आणावयाचे, म्हणजे ते वर उचलते. जन्मभराची सवय मोडून मनाने नव्या वाटेने निरोप धाडावयाचा. कधी शाळेत न गेलेली ती बाई हे शिकली. तळव्याची संवेदना मात्र परत आली नाही. तिच्यासाठी मऊ रबराच्या काळ्या चपला मिळाल्या, आणि रोज रात्री दिव्याजवळ बसून दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासण्याचा नेम तिला लावून दिला गेला. जे पाय सांगू शकत नाहीत ते डोळ्यांनी विचारून घ्यावयाचे.

पावसाळा सुरू झाल्यावर एका दुपारी ती आमच्याकडे आली. आई ओसरीवर बसून माझ्यासाठी आणि स्वतःसाठी चहा गाळीत होती. दोन्ही कप भरले तोच तिने मान वर केली. मावशी पायरीशी उभी होती.

“अगं बाई! तू कधी आलीस? वाजलंसुद्धा नाही!” आई म्हणाली.

कोनाड्याकडे जाण्याचे तिला सुचले नाही, की सुचूनही ती गेली नाही, हे मी कधी विचारले नाही. तिने आपल्या हातातला कप पुढे केला. मावशीने तो दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर त्याच्या कानाकडे पाहिले आणि मग पायरीवर न बसता वर येऊन आईच्या शेजारी बसली. कान तुटलेला कप त्यानंतर मला कोनाड्यात दिसला नाही.

आपल्या देशाने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्याही खाली आणले. तरीही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतातच. त्यांतील कोणाची तरी चप्पल आजही न कळत पायातून निघून जात असेल, आणि त्यांच्या ओसरीवरही माझ्यासारखा कोणी शिकलेला मनुष्य असेल. मी सेवानिवृत्त झालो आहे. आई गेली, मावशीही गेली. तिचा पाय शेवटपर्यंत वाजला नाही. कधी फार वेळ पायावर पाय टाकून वाचीत बसलो की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येऊ लागतात. मी पाय खाली सोडतो, हाडाच्या त्या उंचवट्याखाली बोट ठेवतो आणि थोडा वेळ तसाच बसतो. मग मला बोटांवर महिने मोजणारे डॉक्टर दिसतात.